चाकाच्या वर चार बोटं

युनिसायकल, म्हणजे एकाच चाकाची सायकल, चालवणाऱ्याकडे लोक बघतात तेव्हा त्यांचे डोळे चाकावर असतात, नाहीतर हवेत पसरलेल्या हातांवर. माझं लक्ष गेली काही वर्षं या दोन्हींच्या मधल्या एका जागेवर खिळलंय. फ्रेमचे दोन पाय चाकाच्या दोन्ही अंगांनी वर येतात आणि टायरच्या डोक्यावर एकमेकांना जुळतात, त्या जोडावर. त्याला क्राउन म्हणतात. त्याच्या मधोमध सीटची नळी उभी असते आणि नळीच्या डाव्या-उजव्या बाजूला चार-चार बोटं जागा उरते. साधी सवारी करायची असेल तर या जागेशी आपला संबंधच येत नाही. पण करामती सुरू झाल्या की पाय पेडल सोडून वर येतो आणि त्याला टेकायला तेवढीच जागा मिळते.

पहिली करामत एका पायाने चालवण्याची. एक पाय पेडल मारतो, दुसरा क्राउनवर. पेडल खाली दाबताना जोर लावता येतो, वर येताना लावता येत नाही. ती अर्धी फेरी चाकाच्या वेगावर तरून न्यायची. तेवढ्या वेळात अंग सावरायचं काम सीट आणि क्राउनवरचा पाय करतात. मग व्हील वॉक, म्हणजे दोन्ही पाय टायरवर घेऊन चवड्यांनी टायर पुढे ढकलत जायचं. ग्लायडिंगमध्ये एक पाय क्राउनवर रोवून दुसऱ्याचा तळवा फिरत्या टायरवर घासता ठेवायचा. तोच ब्रेक आणि तोच तोल. कोस्टिंगमध्ये तोही आधार नाही. दोन्ही पाय फ्रेमवर, चाक आपल्या वेगाने चाललंय आणि आपण वर बसलोय. टायरला पाय लागला की ते कोस्टिंग उरत नाही, स्पर्धांचे नियम याबाबतीत काटेकोर आहेत. (हो, याच्या स्पर्धा होतात. आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग फेडरेशन १९८२ मध्ये स्थापन झालं आणि १९८४ पासून जागतिक मेळावे भरतात. मालवणात हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा जास्त सहानुभूतीने बघतात.) आणि सगळ्याच्या वर, सीट सोडून क्राउनवर उभं राहून एका पायाने चाक चालवणं. ते मला अजून जमत नाही, म्हणून त्याबद्दल फार बोलणार नाही.

क्राउनचे ढोबळमानाने दोन प्रकार. करामतींसाठी बनवलेल्या फ्रेमचा क्राउन चौकोनी आणि वरून सपाट असतो. स्वस्तातल्या, शिकाऊ फ्रेमचा बहुधा गोल, नळी वाकवून जोडल्यासारखा. माझा गोल, वर काळं गुळगुळीत पावडर कोटिंग. दुकानात चकाकताना छान दिसतं ते.

गोल नळीवर बुटाचा तळ एका रेषेवर टेकतो. पाय अगदी माथ्यावर असेल तोवर ठीक. जरासा बाजूला सरकला की तो सपाटीवर राहत नाही, उतारावर उभा राहतो. माथ्यापासून ३० अंश बाजूला गेला, तर तिथे टिकायला घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, निदान ०.५८ लागतो, कारण ३० अंशांचा टॅन तेवढा आहे. शाळेत त्रिकोणमिती कशाला शिकवतात हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पाय आत घसरला तर बूट फिरत्या टायरवर जातो आणि चाक एकदम थांबतं. आपण थांबत नाही. बाहेर घसरला तर खालून वर येणारं पेडल घोट्याच्या हाडावर बसतं. दोन्हींची चव घेतलेली आहे, आणि आतला पर्याय बरा, असं माझं मत आहे. पुढे पडताना निदान हात मोकळे असतात.

हे झालं कोरड्या दिवसाचं. मालवणात कोरडा दिवस ही तशी कागदावरचीच गोष्ट. पावसाळ्यात दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, तो वेगळाच. पण एप्रिलच्या चटचटत्या उन्हातसुद्धा इथलं लोखंड पूर्ण सुकत नाही, आणि याचं कारण मीठ. हवेत सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं खाण्याचं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळू लागतं. किनाऱ्यावर रात्री-पहाटे आर्द्रता त्या आकड्याच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे संध्याकाळी ओहोटीच्या कडक वाळूवर चक्कर मारून आणलेली सायकल पडवीत नुसती उभी केली, तर सकाळी तिच्यावर न दिसणारा खाऱ्या पाण्याचा पापुद्रा तयार असतो. फडक्याने पुसून तो जात नाही, फक्त पसरतो. गोड्या पाण्याने धुवावं लागतं. इथली प्रत्येक बाई स्कूटर विहिरीच्या पाण्याने का धुते, ते तिला रसायनशास्त्रात विचारू नका. पण ती धुते.

मी घरचा होम-स्टे सांभाळते. सकाळी पाहुण्यांचे घावणे-चटणी झाले आणि ते किल्ल्यावर जायला होडीकडे निघाले, की दोन तास माझे. आमच्या घरापुढे सिमेंटचं खळं आहे, तिथे एका पायाचे प्रकार. ग्लायडिंगला लांबी आणि उतार लागतो, त्यासाठी मागची घाटी, म्हणजे उताराची वाट, जी समुद्राकडे हळूहळू उतरते आणि तेव्हा रिकामी असते. रिकामी म्हणजे गाड्यांपुरती. गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, कोणी ना कोणी बसलेलं असतंच. पहिल्या आठवड्यात एका आजोबांनी बराच वेळ पाहून विचारलं होतं, ''दुसऱ्या चाकाचे पैशे नाय होते काय गो?'' आता ते विचारत नाहीत, सल्ले देतात.

सुंभाचा सल्ला शेजारच्या आजीचा. तिने मला क्राउनवरून घसरताना बघितलं आणि दारातूनच म्हणाली, ''सुंभ गुंडाळ गो तेका. साकवार गुंडाळत तसा.'' साकव म्हणजे पऱ्ह्यावर, ओढ्यावर, टाकलेली माडा-पोफळीची खोडं. आजीच्या माहेरी पावसात ती खोडं बुळबुळीत झाली की माणसं त्यांच्याभोवती काथ्याची दोरी आवळून बांधायची, म्हणजे डोक्यावर भारा घेतलेल्या बाईच्या अनवाणी पायाला काहीतरी मिळायचं. सल्ला वाऱ्यावर सोडण्यासारखा नव्हता. काथ्याचा तंतू राठ असतो, पाण्यात कुजायला फार वेळ घेतो. म्हणून तर नारळाच्या चोड्या खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरत टाकल्या तरी तंतू शाबूत निघतो.

मी बोटभर जाडीचा सुंभ क्राउनच्या दोन्ही बाजूंना आवळला. पाय बसला, आणि ओल्या बुटानेही बसला. आजी खूश. पण दोरी गोल नळीवर गोलच राहते, आणि पायाच्या रेट्याने हळूहळू फिरते. आठवड्याभरात वेढे सैल होऊन क्राउनवर बांगड्यांसारखे खुळखुळायला लागले. जाडीमुळे पाय एक बोट वर आला, म्हणजे गुडघाही वर, आणि खालून दोरी टायरला घासायच्या बेताला. काढली तेव्हा खाली तांबूस गंजाचे ठिपके. दोरी मीठपाणी धरून बसली होती आणि कोटिंगवर जिथे जिथे ओरखडा होता तिथे ते झिरपलं होतं. आजीला मी एवढंच सांगितलं की सायकलीला साकवाएवढी जागा नाही. तिला ते पटलं नाही. ''बारीक सुंभ घेवक् होयो होतो,'' असं ती अजून म्हणते, आणि ते अगदीच चूक असेल असं नाही.

मग सायकलवाल्याकडून फाटकी ट्यूब आणली. ती कापून, ताणून गुंडाळायची, हा सगळ्या जगाने केलेला उपाय आहे. कोरडी असताना अशी काही पकड की पाय ठेवला तिथे खिळला. पण इथे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे पाय खिळल्यावर तो फिरेना. एका पायाने चालवताना वळण घ्यायचं तर क्राउनवरचा पाय टाचेवर किंचित वळतो, कंबर वळते, मागोमाग चाक. रबरावर रबर असं घट्ट बसलं की ते वळणं गुडघ्याला करावं लागतं, आणि गुडघा हा वळायला बनवलेला अवयव नाही. दुसरं म्हणजे पाणी. गुळगुळीत रबराच्या दोन पृष्ठांमध्ये पाण्याचा पातळ थर अडकला की ती एकमेकांना शिवतच नाहीत, थरावर तरंगतात. कोरड्या दिवशी खिळून ठेवणारी ट्यूब ओल्या दिवशी उघड्या नळीपेक्षा वाईट.

या टप्प्यावर मी पडणं थांबवून मोजायला लागले. घरात जुन्या कपाटाचं पत्र्याचं दार पडलेलं होतं, पावडर कोटिंग केलेलं, फ्रेमवर असतं तसंच. त्याच्यावर ओळीने ट्यूबचा तुकडा, सुंभ, आणि हार्डवेअरच्या दुकानात जिन्याच्या पायऱ्यांना लावायला मिळते ती काळी खरखरीत चिकटपट्टी लावली. बुटात तांदळाची पिशवी घालून तो एकेका पट्टीवर ठेवायचा आणि दाराचं एक टोक उचलत न्यायचं. बूट सुटला की कोन बघायचा. त्या कोनाचा टॅन म्हणजेच घर्षणांक. ४५ अंशांपर्यंत बूट धरून राहिला तर घर्षणांक १. यात नवीन काही नाही. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं आणि स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे फ्रान्समध्ये गिओम आमोंतोंने १६९९ मध्ये मांडलं, आणि लिओनार्दो दा विंचीने त्याच्या दोनशे वर्षं आधी वह्यांमध्ये टिपून ठेवलं होतं. रबर या नियमाला पूर्ण मानत नाही, ते दबतं, खाचांत शिरतं, म्हणून बुटाच्या बाबतीत जागा जास्त मिळाली तर फायदा होतो. पण आमच्या दाराला एवढं पुरेसं होतं.

कोरड्यात ट्यूब पहिली. तांब्याभर पाणी ओतल्यावर क्रम पालटला. ट्यूबवरचा बूट दार जेमतेम तिरकं होताच निघाला. जिन्याची पट्टी कोरडी-ओली जवळपास सारखीच राहिली. कारण पट्टीवरचे दाणे टोकदार असतात, पाण्याचा थर फोडून वर येतात आणि थेट तळात रुततात. पाणी दाण्यांच्या मधल्या खड्ड्यांत बसून राहतं. स्केटबोर्डवर लावतात त्या ग्रिप टेपचंही हेच तत्त्व. तिच्यातले दाणे सिलिकॉन कार्बाइडचे किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात, म्हणजे पॉलिश पेपरचीच जात.

ही पट्टी गोल नळीवर लावायची तर थोडी माया करावी लागते. आधी पावडर कोटिंगची चमक बारीक पॉलिश पेपरने मारायची, मग स्पिरिटने पुसायचं. हाताचं तेलही राहता कामा नये. तुकड्याचे कोपरे चौकोनी ठेवले तर तिथूनच पट्टी उठते, म्हणून ते गोल कापायचे. लोक हेअर ड्रायरने ऊब देतात, मी मे महिन्याच्या उन्हात फ्रेम अर्धा तास ठेवली, हात लावता येईना इतकी तापली. गरम असतानाच अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्यायची. हा गोंद दाबाने धरतो आणि पुरता धरायला दोन-तीन दिवस घेतो, तोवर सायकलला हात लावायचा नाही. कापलेल्या कडांमधून पाणी आत जाऊ नये म्हणून मी कडेने पारदर्शक नेलपॉलिश फिरवलं. माझ्या घरात नेलपॉलिशचा झालेला तो एकमेव उपयोग.

पकड उत्तम. त्रास वेगळाच सुरू झाला. पाय पेडलवरून क्राउनवर नेताना नडगीची आतली बाजू फ्रेमला घासून जाते. पट्टी मी उत्साहाने पार सीटच्या नळीपर्यंत आणि खाली फ्रेमच्या पायांपर्यंत लावली होती. सलवारीची आतली शिवण चार दिवसांत झिजली, पुढच्या चार दिवसांत कातडी. खारं वारं आणि सोललेली नडगी यांची गाठ पडली की काय होतं ते इथल्या कुठल्याही खलाशाला विचारा.

पाडेली तात्या नारळ काढायला आले ते याच सुमारास. आमचे माड उंच आहेत, खोडाला आलटून पालटून खाचा पाडलेल्या. तात्या सत्तरीला टेकलेले, अजून चढतात. उतरून चहा पिताना त्यांची नजर माझ्या नडगीकडे गेली, मग सायकलकडे. त्यांनी क्राउनवरून अंगठा फिरवला आणि हात झटकला. म्हणाले, ''पाय चिकटान ऱ्हवलो तर फुडे जावचा कसा?'' मी विचारलं, मग तुमचा पाय घसरत कसा नाही? त्यांनी जे सांगितलं ते मी आधी नीट ऐकलं नाही, नंतर पुन्हा विचारलं. ते म्हणाले की खाच पायाला धरत नाही, पाय खाचेला धरतो. आणि उतरताना खाली बघायचं नसतं. तळवा खोडावरून खाली सरकवत आणायचा, खाचेची कड लागली की कळतं, तिथे वजन टाकायचं. खाच कुठे आहे ते डोळ्यांना नाही, तळव्याला माहीत असतं.

मी त्या दिवशी संध्याकाळी त्यांना पुन्हा माडावर बघितलं. दरवेळी पाय खाचेच्या जरा वर टेकतो, सरकतो आणि थांबतो. त्या सरकण्याला जागा ठेवलेली आहे. खोड खाचेपासून खाचेपर्यंत सगळंच खरखरीत असतं तर पाय वाटेतच कुठेतरी अडला असता आणि आपण खाचेत आहोत की नाही हे कळलंच नसतं.

माझ्या क्राउनवर नेमकं हेच झालं होतं. सगळीकडे सारखी पकड, त्यामुळे पाय पोचला की नाही याची काहीच बातमी नाही. पाय टेकवल्यावर दरवेळी मान खाली जायची, आणि युनिसायकलवर मान खाली गेली की मागोमाग खांदे जातात, खांद्यांमागे बाकीचं सगळं. मी इतके दिवस घसरण्याशी भांडत होते. माझी अडचण पाय कुठे आहे हे न कळण्याची होती. घसरणं त्याच्यामागून यायचं, कारण पाय माथ्यावर न बसता दोन बोटं बाजूला, त्या ३० अंशांच्या उतारावर बसायचा.

तेव्हा दोन कामं ठरली. माथा सपाट करायचा, आणि खरखर फक्त पाय जिथे बसायला हवा तिथे ठेवायची, भोवती गुळगुळीत.

इथे बंदराजवळ फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे एक काका आहेत. होडीच्या फळ्यांवर पाय घसरू नये म्हणून ते रेझिनचा, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा, शेवटचा हात ओला असतानाच त्यावर चाळलेली वाळू भुरभुरतात. सुकल्यावर सुटी वाळू झाडून टाकतात आणि वरून पातळ हात फिरवतात. जाळं ओढताना पाण्या-माशांच्या बुळबुळीत खलाशी उभा राहतो तो त्या वाळूवर. मी फ्रेम घेऊन गेले तेव्हा काका एका होडीच्या तळाला मॅट बसवत होते. त्यांनी काम न थांबवता ऐकलं आणि पहिली गोष्ट सांगितली: होडीचा माल लोखंडावर धरणार नाही. होडीला पॉलिएस्टर रेझिन वापरतात, ते जुन्या फायबरवर बसतं, पत्र्यावरून कालांतराने पापडासारखं सुटतं. लोखंडाला एपॉक्सी हवी, दोन ट्यूबांतली, आणि ती पाच मिनिटांत घट्ट होणारी नको, रात्रभर घेणारी घे.

दुसरी गोष्ट मला सुचली नसती. मी त्यांच्याकडची मॅट, म्हणजे तुकड्या-तुकड्यांच्या काचतंतूंची गादी, मागत होते. ते म्हणाले, एपॉक्सीबरोबर ती नाही चालत. मॅटमधले तंतू ज्या चिकीने धरलेले असतात ती पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते, म्हणून मॅट मऊ होऊन बसते. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट ताठच राहते. विणलेलं कापड घे. त्यांच्या गड्याने एक कातरण दिलं. आणि जाता जाता त्यांनी शेल्फवरच्या दोन बाटल्या दाखवल्या, एक जांभळ्या कोबाल्टची, एक हार्डनरची. त्या दोन आधी रेझिनमध्ये एकेक करून घालायच्या असतात, थेट एकमेकींत कधीच ओतायच्या नाहीत, भडका उडतो. माझ्या कामाशी याचा संबंध नव्हता. पण त्यांच्याकडून कोणीही काही शिकायला आलं तरी हे सांगितल्याशिवाय ते सोडत नाहीत, आणि तसंच असायला हवं.

वाळूचा प्रश्न उरला. समोर अख्खा किनारा असताना वाळू शोधावी लागणं विनोदी आहे, पण समुद्राची वाळू वर्षानुवर्षं लोळून गोल झालेली असते. भिंगाखाली धरली तर दाणे मोत्यांसारखे दिसतात, त्यात शिंपल्यांचा चुरा, आणि सगळ्यावर मीठ. शिंपल्याचा चुरा पायाखाली भुगा होतो. मीठ तर एपॉक्सीच्या आत बसून पाणीच ओढणार. आमच्याच जिल्ह्यात कासार्ड्याच्या बाजूला सिलिका वाळूच्या खाणी आहेत, काच कारखान्यांना आणि ओतकामाला तिथून माल जातो. ती वाळू दगड फोडून, दळून केलेली, म्हणून दाण्याला कोपरे असतात. एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडून मूठभर मिळाली. घरच्या चाळणीने चाळली (ती चाळण आता सायकलची झाली, आईने परत घेतली नाही), गोड्या पाण्यात दोनदा धुऊन तव्यावर कोरडी केली.

मे महिना निवडला, कारण एपॉक्सी असो की पॉलिएस्टर, दमट हवेत पृष्ठभाग चिकट राहतो. काकाही होड्यांची मोठी कामं पावसाआधी उरकतात. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते आणि होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या की त्यांच्याकडे फक्त गप्पा मिळतात. जुनी पट्टी काढली, गोंद रॉकेलने, रॉकेल स्पिरिटने पुसलं. कोटिंग त्या जागेपुरतं घासून धातू उघडा केला. गोलाव्याच्या दोन्ही खांद्यांवर एपॉक्सीची लगदी भरून माथा रुंद केला, वर कापडाचे दोन थर, ओलं असतानाच मेणकागद आणि फळीचा सपाट तुकडा दाबून बांधला. दुसऱ्या दिवशी फळी काढली तेव्हा गोल नळीच्या जागी बुटाला पुरेल एवढा ओटा दिसत होता. टायरच्या बाजूला काहीही जाऊ दिलं नाही. तिथे मुळातच बोटभर फट असते आणि ती मोकळी राहणं पकडीपेक्षा महत्त्वाचं.

मग वाळू. सीटच्या नळीलगत बोटभर पट्टा आणि बाहेरची कड, जिथे नडगी आणि घोटा घासतात, तिथे चिकटपट्टी लावून झाकलं. मधल्या जागेवर एपॉक्सीचा पातळ हात आणि त्यावर वाळू, मीठ भुरभुरावं तशी नाही, चांगली ओतली. जेवढी धरायची तेवढी धरते, बाकीची सकाळी झटकली. खरखरीत जागा दोन्ही बाजूंना साधारण आगपेटीएवढी. एवढीशी जागा बघून भाच्याने विचारलं, ''मावशी, माल संपला काय?''

पहिल्या फेरीलाच फरक कळला असं लिहायला हवं, पण तसं झालं नाही. पाय नव्या उंचीवर बसायला वेळ लागला, आणि दोनेक दिवस मी आधीपेक्षा वाईट चालवत होते. मग एकदा खळ्यात एका पायाने जाताना शेजारच्या आजीने काहीतरी विचारलं आणि मी तिच्याकडे बघून उत्तर दिलं. उत्तर देऊन झाल्यावर लक्षात आलं की पाय मधल्या वेळात आपणच क्राउनवर जाऊन बसलाय. गुळगुळीत पट्ट्यावरून सरकत आला, खरखर लागली, थांबला. डोळे आजीकडेच होते.

बुटांचंही याच हिशेबाने पाहावं लागलं. माझे धावायचे बूट जाड, गुबगुबीत तळाचे होते. त्यातून क्राउन आहे की आंब्याची फांदी हे कळत नसे. बाजारातून शाळेच्या पीटीला घालतात ते कॅनव्हासचे बूट आणले, सपाट पातळ रबरी तळाचे. किंमत धावायच्या बुटांच्या दहाव्या हिश्श्याचीही नसेल. त्यांतून वाळूचा दाणा न दाणा लागतो. तळ लवकर झिजतो हे खरं, पण झिजलेला बदलता येतो. महागड्या बुटांची शिफारस करणाऱ्यांशी माझा यावर वाद आहे. पकड विकत घेता येते, तळव्याला येणारी बातमी जाड फोममधून येत नाही. अनवाणी करून बघितलं का, असं तात्यांनी विचारलं. त्यांच्या तळव्याला ते शक्य आहे. माझा तळवा होम-स्टेच्या फरशीवर वाढलेला.

घाटीवरच्या ग्लायडिंगला या सगळ्याचा फायदा झाला, पण अर्धाच. क्राउनवरचा पाय आता पक्का असतो. टायरवर घासणारा पाय मात्र वेगळं शास्त्र आहे. तिथे पकड कमी-जास्त करता यायला हवी, वेग वाढला की तळवा जरा जास्त दाबायचा, कमी झाला की उचलायचा, आणि हे पोटऱ्यांनी शिकायचं असतं. टायर ओला असेल तर काहीच शिकता येत नाही, म्हणून घाटी ऑक्टोबर ते मे. कोस्टिंगमध्ये खुट्ट झालं तरी पडायला होतं. दोन्ही पाय त्या आगपेटीएवढ्या जागांवर ठेवून मी घाटीच्या वळणापर्यंत पोचते, वळणावर दरवेळी उतरावं लागतं. पाय घसरत नाही. तोल जातो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आधी मला दिसत नव्हतं, कारण घसरल्यावर तोल जायचाच. आता पडले की निदान कशामुळे पडले ते सांगता येतं, आणि गडग्यावरचे आजोबा ते माझ्या आधी सांगतात.

उडी मारून सायकल खाली गर्रकन फिरवायची आणि पुन्हा पेडलवर उतरायचं, या प्रकाराला युनिस्पिन म्हणतात. भाच्याला तेच करायचंय. त्यात पाय क्षणभर क्राउनवर टेकवून पुढे न्यायचा एक सोपा मार्ग आहे, आणि त्याला माझा ओटा हवाय. मी त्याला दिला. त्याने दोन दिवसांत तक्रार केली की खरखर फार पुढे आहे, त्याचा पाय चवड्यावर उतरतो, माझा बुटाच्या मध्यावर. बरोबर आहे. त्याची आगपेट वेगळ्या जागी लागेल.

या पावसात डाव्या बाजूची वाळू उजवीपेक्षा जास्त झिजली. मी डाव्याच पायावर जास्त उभी असते, सायकलवर आणि नळावर पाणी भरतानाही. एका कोपऱ्यात कापडाची कड नखाने उचकटते आहे. तिथे पुन्हा हात द्यायला हवा, पण हवा कोरडी होईपर्यंत नाही. भाच्याच्या सायकलचा क्राउन चौकोनी आहे, त्याला कापड-लगदी काही नको, नुसती वाळू. काका म्हणालेत दिवाळीनंतर ये, सकाळी ये, आणि या वेळी वाळू जास्त आण, मला पण बघायचीय ती होडीवर कशी बसते.